अंगठी, माळ आणि बांगडीचं माप: पेढीवर रोज विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पेढीवर दुरुस्तीला जे दागिने येतात, त्यांत मोडलेले थोडे आणि मापाला चुकलेले जास्त. अंगठी बोटात फिरते, पाटली हातात चढत नाही, चेन ब्लाउजच्या गळ्याआड जाऊन बसते. सोनं चोख, घडण सुरेख, आणि दागिना कपाटात. काउंटरवर वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत.

घरच्या घरी बोटाचं माप कसं घ्यायचं?

दोरा घेऊ नका. दोरा ताणला जातो, बोटात रुततो, आणि मोजायला पट्टीवर धरला की पुन्हा वेगळीच लांबी दाखवतो. चार-पाच मिलिमीटर रुंदीची कागदाची पट्टी कापा, बोटाच्या बुडाशी, जिथे अंगठी बसणार तिथे गुंडाळा आणि टोक जिथे वर येतं तिथे पेनाने खूण करा. पट्टी बोटावर सरकली पाहिजे, पण लोंबकळता कामा नये. आता पट्टी सरळ करून खुणेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्यातून ४० वजा करा. जे उरेल ते भारतीय माप. म्हणजे ५२ मिमी आलं तर १२ नंबर, ५४ आलं तर १४ नंबर. नंबर एकाने वाढला की अंगठीचा आतला घेर एक मिलिमीटरने वाढतो, इतकंच हे गणित आहे.

एकदा मोजून थांबू नका. दुपारी एकदा, रात्री जेवणानंतर एकदा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मोजा. तीन आकडे तीन आले तर मधला धरा.

माझी एक जुनी अंगठी नीट बसते. तिच्यावरून माप काढता येईल का?

येईल, पण पट्टीने काढलेल्या मापावर फार भिस्त ठेवू नका. अंगठीचा आतला व्यास मोजून त्याला ३.१४ ने गुणलं की घेर मिळतो. १६.५ मिमी व्यास असेल तर घेर साधारण ५२, म्हणजे १२ नंबर. गोम अशी की शाळेच्या पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सहज वाचला जातो, आणि तो अर्धा मिलिमीटर ३.१४ ने गुणला गेला की दीड नंबरची चूक होते. कागदाची पट्टी घेर थेट मोजते, म्हणून तिथली चूक अशी फुगत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे अंगठीच घेऊन पेढीवर या. मापाच्या निमुळत्या दांडीवर ती सरकवली की नंबर लगेच दिसतो.

मोबाईलवर मापाचे तक्ते मिळतात, त्यांच्यावर छापलेली वर्तुळं असतात आणि त्यांवर अंगठी ठेवून पाहायची असते. तक्ता प्रिंट केला असेल तर आधी त्याचं प्रमाण तपासा. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं. तक्त्यावरच्या मिलिमीटरच्या पट्टीवर ते २७ ऐवजी २५ भरलं, तर प्रिंटरने तक्ता मूळ आकारात छापलेला नाही.

सकाळी बसलेली अंगठी संध्याकाळी घट्ट का होते?

बोटं दिवसभरात सुजतात आणि उतरतात. उन्हात, प्रवासात, खारट खाल्ल्यावर, धुणंभांडी झाल्यावर बोट जाड असतं. थंडीत आणि भल्या सकाळी बारीक. डिसेंबरच्या सकाळी माप दिलेली अंगठी मे महिन्यातल्या लग्नात रुतते, आणि मे मध्ये माप दिलेली डिसेंबरात हात धुताना मोरीत जाते. म्हणून माप संध्याकाळी, निवांत बसल्यावर, हात ना गार ना गरम असताना घ्यावं.

गरोदरपणात माप देऊ नका, आणि असलेली अंगठी मोठीही करून घेऊ नका. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी बोटं बहुधा पूर्ववत होतात. तोवर अंगठी काढून साखळीत ओवा आणि गळ्यात घाला.

उजवं बोट आणि डावं बोट सारखं नसतं, हेही लक्षात असू द्या. ज्या हाताने काम करता त्या हाताची बोटं सहसा थोडी जाड असतात.

अंगठी पेरातून जात नाही आणि बुडाशी गेली की गरगर फिरते. काय करायचं?

वय वाढलं की, आणि सांधेदुखी असणाऱ्यांना तर हमखास, हा त्रास होतो. बुडाचं आणि पेराचं अशी दोन मापं घ्या. फरक दोन-तीन नंबरांचा असेल तर मधलं माप धरा आणि अंगठीच्या आतल्या बाजूला खाली सोन्याच्या दोन बारीक गोळ्या झाळून घ्या. पेरातून जाताना त्या थोड्या अडतात, पण पुढे बोटाला धरून राहतात आणि खडा वरच राहतो. फरक त्याहून मोठा असेल तर बाजूला उघडणारी, खटक्याची अंगठी करावी लागते. ती महाग पडते, पण पंचाहत्तरीच्या आजींसाठी केलेला तो खर्च मला कधी फुकट वाटलेला नाही.

घरगुती उपाय म्हणजे अंगठीला दोरा गुंडाळणं. आपल्या सगळ्यांच्या आयांनी तो केला आहे. चार दिवस ठीक. नंतर त्यात पीठ, साबण आणि घाम साठतो आणि बोटाला खाज सुटते. दोरा काळा पडला की समजा, आता सोनाराकडे जायची वेळ झाली.

रुंद अंगठीला वेगळं माप लागतं का?

हो. सहा मिलिमीटरहून रुंद अंगठी बोटाचा जास्त भाग धरते आणि त्याच नंबरला घट्ट लागते. एक नंबर मोठा घ्या. आठ-दहा मिमीची असेल तर दीड-दोन नंबर मोठा घालून पाहा. बारीक तारेच्या अंगठीवरून माप देऊन पुरुषांची रुंद अंगठी मागवणं ही साखरपुड्यातली अगदी नेहमीची चूक.

साखरपुड्याची अंगठी आहे. तिला कळू न देता माप कसं मिळवायचं?

तिच्या बहिणीला सामील करून घ्या. बाकी सगळे उपाय याच्या खालचे.

तरी सांगतो. तिची एखादी अंगठी तासभर हाती लागली तर कागदावर ठेवून आतून बारीक पेन्सिलीने वर्तुळ काढा, आणि ओल्या साबणाच्या वडीवर दाबून ठसाही घ्या. दोन्ही घेऊन या. किंवा ती अंगठी स्वतःच्या बोटात घालून जिथे अडकते तिथे पेनाने रेघ मारून या, आम्ही रेघेपाशी माप घेतो. मात्र ती अंगठी कोणत्या हाताच्या कोणत्या बोटातली, हे नक्की करा. मधल्या बोटातली अंगठी पाहून अनामिकेचं माप दिलं की समारंभात सगळ्यांसमोर फजिती होते. उजवा हात की डावा, हेही दोन्ही घरांना आधीच विचारा; रीत घरागणिक बदलते.

काहीच कळलं नाही, तर? आमच्याकडे बायकांच्या अंगठ्या बहुतेक १० ते १६ मध्ये आणि पुरुषांच्या १८ ते २४ मध्ये बसतात. अंदाजाने घ्यायचीच असेल तर मोठीकडे झुका. मोठी अंगठी त्या दिवशी निदान बोटात जाते, आणि ती लहान करणं लहानीला मोठी करण्यापेक्षा सोपं असतं.

मुलगी अमेरिकेत आहे. ती "साइज सहा" म्हणते. आपल्याकडचं किती?

साधारण १२. अमेरिकन ७ म्हणजे आपलं १४, ८ म्हणजे १७, ९ म्हणजे १९ ते २०, आणि १० म्हणजे २२. तिथे अर्ध्या मापाच्याही अंगठ्या असतात. साडेसहा म्हणजे आपलं १३. इंग्लंडमध्ये आकडे नसून इंग्रजी अक्षरं चालतात, त्यामुळे फोनवर ऐकताना घोटाळे होतात. त्यापेक्षा आतला घेर मिलिमीटरमध्ये कळवायला सांगा. आपल्याकडेही सगळ्या पेढ्यांच्या मापपट्ट्या तंतोतंत जुळतीलच असं नाही. एखाद्या नंबराचा फरक निघतो. नंबर बदलतो, मिलिमीटर बदलत नाही.

आईची अंगठी मला सैल होते. लहान करून मिळेल का?

साधी सोन्याची असेल तर सहज. खालच्या बाजूने कापून तुकडा काढतात, टोकं जुळवतात, झाळतात आणि पॉलिश करतात. मोठी करताना उलट: थोडं वाढवायचं असेल तर दांडीवर ठोकून वाढवतात, जास्त असेल तर मध्ये सोन्याचा तुकडा घालतात. सोनं फार लागत नाही. चार ग्रॅमची साधी अंगठी दोन नंबरांनी मोठी करायला जेमतेम दीडशे मिलिग्रॅम.

अडचण येते ती इतर प्रकारांत. सबंध घेरभर खडे असलेली अंगठी लहान-मोठी होत नाही. खड्यांचा हिशेबच मोडतो. घेरभर नक्षी असेल तर जोड दिसतो. मोती, पोवळं, पाचू यांना आच सोसत नाही, म्हणून झाळण्यापूर्वी खडा काढावा लागतो आणि काढताना-बसवताना जोखीम असतेच. ती कारागिराने आधी सांगितली पाहिजे. तीन-चार नंबरांहून जास्त फरक असेल तर अंगठीचा गोल बिघडतो आणि वरच्या खड्यांची पकड ढिली होते. मग ती तशीच ठेवून साखळीत लॉकेटसारखी घालावी, असा माझा सल्ला असतो. आईची अंगठी आटवून नवी करू नका. पश्चात्ताप झाल्यावर परत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

कापायला देण्यापूर्वी दोन गोष्टी करा. अंगठीचं वजन तुमच्यासमोर करून पावतीवर लिहून घ्या आणि परत घेताना पुन्हा करा. दुसरं, हॉलमार्क कुठे आहे ते भिंगातून पाहून कारागिराला दाखवा. २०२१ पासून हॉलमार्कसोबत अक्षरं आणि आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळखक्रमांक असतो, आणि नेमका तो पुष्कळदा खालच्या बाजूला, जिथे कापायचं तिथेच असतो. आधी त्याचा फोटो काढून ठेवा. शक्य असेल तर कापही बाजूला घ्यायला सांगा.

अंगठी बोटात अडकली आहे, निघतच नाही.

ओढू नका, ओढल्याने सूज वाढते. हात डोक्याच्या वर पाच-दहा मिनिटं धरा, मग गार पाण्यात बुडवा, साबण किंवा खोबरेल लावा आणि अंगठी गोल फिरवत फिरवत पुढे आणा. बोट निळं पडलं, बधिर झालं किंवा मार लागून सुजलं असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, दवाखान्यात जा. सोन्याची अंगठी कापता येते आणि पुन्हा जोडताही येते. टंगस्टनची कापली जात नाही, दाबून तडकवावी लागते, आणि मग ती गेलीच.

बांगडीचं २-१० हे माप २-८ पेक्षा मोठं कसं?

कारण तो दशांश अपूर्णांक नाही, ते आणे आहेत. इंचाचे सोळा भाग धरायचे, जसे जुन्या रुपयाचे सोळा आणे. पहिला आकडा इंचांचा, दुसरा सोळांशांचा. २-४ म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, अर्थात सव्वादोन इंच आतला व्यास. २-८ म्हणजे अडीच इंच, २-१२ म्हणजे पावणेतीन. २-६ आणि २-१० त्यांच्या मधले. नाण्यांतून आणे १९५७ मध्ये दशमान पद्धत आली तेव्हा सुटले, बांगडीतून अजून सुटलेले नाहीत. ऑनलाइन दुकानांत ते २.८, २.१० असे टिंब देऊन लिहितात, तिथे गल्लत होते. एका ताईंनी "अडीचपेक्षा थोडी लहान हवी" म्हणून २.१० मागवली होती. डझनभर बांगड्या कोपरापर्यंत जायच्या.

मग बांगडीचं माप घरी कसं काढायचं?

मनगट मोजू नका. बांगडी मनगटावर राहते, पण अडते ती तळव्यावर. अंगठा करंगळीच्या बुडाकडे दुमडा, बांगडी चढवताना हात करतो तसा, आणि बोटांच्या सांध्यांवरून, जिथे हात सगळ्यात रुंद आहे तिथून, शिंप्याची टेप फिरवा. आता मजा पाहा: १७ सेंटीमीटर आलं तर २-२, १८ आलं तर २-४, १९ ला २-६, २० ला २-८, २१ ला २-१०. प्रत्येक माप जवळजवळ बरोबर एका सेंटीमीटरने पुढे जातं. हा हिशेब डोक्यात ठेवला की तक्ता लागत नाही.

घरातल्या बांगडीचं माप ठाऊक नसेल तर एटीएम कार्ड काढा. त्याची आखूड बाजू जवळपास ५४ मिमी, म्हणजे नेमका २-२ चा व्यास. ती बांगडीत आडवी टेकून जेमतेम बसली तर २-२, दोन्हीकडे मिळून तीन मिमी फट राहिली तर २-४, सहा मिमी राहिली तर २-६.

काचेच्या बांगड्या २-४ च्या भरते. सोन्याच्याही त्याच मापाच्या घेऊ का?

घालून पाहिल्याशिवाय नको. कासार हात दाबून, मळून, बांगडी तिरकी करून चढवतो. त्याच्या हातातली कला तुमच्या हातात नसते. घट्ट भरलेल्या काचेच्या बांगड्या वाढवेपर्यंत हातातच राहतात, म्हणून ते चालतं. सोन्याची पाटली रोज रात्री काढायची असेल तर ती साबण न लावता उतरली पाहिजे. तोडे आणि रुंद कडी तर एक माप मोठी घालून पाहावीत, किंवा सरळ पेचाची, उघडणारी घ्यावीत. पेचाच्या तोड्यांना तळव्याचं माप लागत नाही, मनगटाचं लागतं. त्याहून दीड-दोन सेंटीमीटर मोकळा घेर ठेवला की झालं.

हिरव्या चुड्यामध्ये पाटल्या आणि तोडे घालायचे असतील तर सगळं एकाच दिवशी, एकत्र घालून ठरवा. सोन्याची बांगडी मोठी असली तर ती काचेच्या बांगड्यांवर चढून बसते आणि त्या वाढतात. लग्नघरात त्यावरून उगाच चर्चा होते.

चेन किती इंची घ्यावी?

आधी गळा मोजा, मग इंच बोला. १८ इंची चेन १३ इंची गळ्यात गळ्याखालच्या हाडांच्या खाली छान उतरते. तीच १६ इंची गळ्यात जवळजवळ चिकटून बसते. गळ्याच्या घेरात दोन इंच मिळवले तर चेन गळ्याच्या बुडाशी राहते, चार मिळवले तर हाडांवर, सहा-सात मिळवले तर त्याखाली. मध्यम बांध्याच्या बाईला १६ इंची हाडांपाशी, १८ इंची त्याखाली, २० ते २२ इंची छातीच्या वरच्या भागावर, आणि २४ च्या पुढची साडीच्या पदरावर येते. पुरुष बहुतेक २० ते २४ इंचांत घेतात.

लॉकेट घालायचं असेल तर त्याची उंची खाली लोंबणार, ती धरा. शिवाय चेनचा हूक लॉकेटच्या कडीतून जातो का, ते दुकानातच ओवून पाहा.

लांबी वाढवली की वजन त्याच प्रमाणात वाढतं. १८ इंची चेन ९ ग्रॅमची असेल, तर त्याच घडणीची २० इंची १० ग्रॅमची होईल. दोन इंचांना एक ग्रॅम! तेवढ्याच ग्रॅममध्ये लांब चेन मागितली की ती बारीक होते आणि बारीक चेन तुटते. रोज घालायची असेल तर आखूड पण भरीव घ्या, असं मी सांगतो. फार जण ऐकत नाहीत.

ठुशी, चिंचपेटी यांना माप असतं का?

असतं, पण त्यांच्या दोरीत मुरतं. ठुशी गळ्याच्या बुडाशी बसायला हवी, आणि मागचा सरकता गोंडा हेच तिचं माप. हल्ली दोरीऐवजी मागे साखळी आणि हूक लावून घेतात. तसं करताना निदान दोन इंचांच्या कड्या जास्तीच्या ठेवा. चिंचपेटीचं वेगळं आहे. तिच्या पेट्या कडक, म्हणून गळा बारीक असेल तर समोर पेट्या कमी हव्यात, नाहीतर त्या मानेच्या बाजूंना वळत नाहीत आणि टोचतात. बसून, मान खाली घालून, भात कालवल्यासारखं करून पाहा. आरशासमोर ताठ उभं राहून सगळ्याच चिंचपेट्या छान दिसतात.

कोल्हापुरी साज मोठा होतो. पानं कमी करू का?

पानं काढू नका. परंपरेने साजात २१ पानं धरतात, दशावतार, अष्टमंगल असा त्यांचा ठरलेला संच असतो. लांबी कमी करायची ती मागच्या बाजूने, मण्यांतून किंवा साखळीतून.

मंगळसूत्र किती लांब हवं?

रोजच्याला, ऑफिसला, आखूड: १६ ते १८ इंच. सणासमारंभाला दोनपदरी, २४ ते ३० इंच. पण खरी गोम लांबी सांगण्याच्या पद्धतीत आहे. कोणी मंगळसूत्र पूर्ण उलगडून टोकापासून टोकापर्यंत मोजतं, कोणी दुमडून, मानेपासून वाट्यांपर्यंत. "बारा इंच" म्हणजे एकाकडे २४ इंची मंगळसूत्र, दुसरीकडे गळ्याला फास. मागवण्याआधी विचारा, आणि वाट्या त्या मापात धरल्या आहेत की नाहीत तेही विचारा.

अचूक माप हवं असेल तर साधा दोरा गळ्यात घाला, वाट्या जिथे यायला हव्यात तिथे गाठ मारा आणि तो दोराच ओवणाऱ्याला द्या. इथे दोरा चालतो. अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न नाही. एक दिवस तो घालून घरात वावरा. वाकल्यावर ताटात येतो का, मूल कडेवर घेतल्यावर त्याच्या मुठीत येतो का, ते कळेल.

एकावर एक हार घालायचे आहेत. किती अंतर ठेवू?

दोन पदरांमध्ये दोन बोटं. वर ठुशी, मग आखूड मंगळसूत्र, मग मोहनमाळ, शेवटी लक्ष्मीहार किंवा राणीहार. दोन हार एकाच लांबीचे झाले की गुंततात आणि फोटोत एकच दिसतो. ब्लाउजचा गळा शिवून झाला की मगच हार ठरवा.

जोडवी आणि पैंजण?

जोडवी खालून उघडी असतात, दाबून बसतात. माप लागत नाही, फक्त टोकं टोचत नाहीत ना ते पाहा. पैंजणासाठी घोट्याच्या हाडावरून मोजून अर्धा ते एक इंच वाढवा. दोन्ही पायांचं मोजा.

बारशाला वाळे द्यायचे आहेत. बाळाचं माप कुठून आणू?

आणू नका. दाबून लहान-मोठे होणारे, टोकं उघडी असलेले चांदीचे वाळे किंवा मनगट्या घ्या, टोकं गोल आणि गुळगुळीत असलेल्या. घुंगरू असतील तर ते ओढून पाहा. बाळ ते तोंडात घालणारच. मग आईला सांगून ठेवा: रोज आंघोळ घालताना वाळ्यात आपली करंगळी शिरते का ते पाहायचं. शिरली नाही की वाळे काढून डब्यात.